पलंगाखालची खोकी

गेल्या जानेवारीत मी पंधरा दिवस दुबईला माझ्या भाच्याकडे राहून आले. आल्यापासून ठाण्यातल्या मैत्रिणी एकच विचारतात, “काय काय आणलंस?” त्याचे उत्तर शेवटी देते.

भाचा तिकडे २००७ साली गेला. ठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट झाला की परत येतो, फार तर पाच वर्षे, असे माझ्या थोरल्या बहिणीला सांगून गेला होता. फ्लॅट २०१२ मध्ये झालाही. मग तो लहान वाटू लागला. मग तिकडे गाडी आली, ती दोनदा बदलली. त्यात रुपया त्याचा वैरी झाला. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७ असा बांधलेला आहे, रुपया मात्र घसरतच गेला. भाचा गेला तेव्हा एका दिरहॅमचे अकरा रुपये होत, आता तेवीसच्या वर होतात. परतायचा बेत करावा तर हिशेब म्हणे, आणखी एक वर्ष थांब.

शिवाय कर्जे. तिथे कर्ज घेताना बँकेला सही केलेला चेक देऊन ठेवायची रीत होती. खात्यात पैसे नसले आणि तो परत आला की फौजदारी गुन्हा. २०२२ पासून कायदा बराच सौम्य झाला आहे, पण तोवर कर्जदाराने देश सोडायचे नावही काढायचे नाही.

मी गेले ते दिवस शॉपिंग फेस्टिव्हलचे. ही जत्रा १९९६ पासून भरते. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ उतरल्यावर मंडळी मला दुबई मॉलमध्ये घेऊन गेली. २००८ साली उघडलेला हा मॉल, बाराशेच्या वर दुकाने! एक मजला संपला की सरकता जिना दुसऱ्यावर सोडतो, आणि फिरून फिरून आपण तिथेच. मला आमच्या आजीच्या वडिलांचा अलिबागचा घाणा आठवला. पण त्या बैलाला शनिवारी तरी सोडत असत.

मला हसू नका, वाचकहो, मीही त्यातलीच. ज्या वस्तूचे नाव मला सकाळी ठाऊक नव्हते, तिच्यावाचून माझे अडते असे मला तासाभरात वाटू लागले. तवा घेतला, अत्तर घेतले, अंडी सोलायचे एक यंत्र घेतले.

हा मॉल नावाचा प्रकार अमेरिकेतून आला हे सर्वांना माहीत आहे. तो कोणी काढला हे फारसे कोणी सांगत नाही. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा यहुदी वास्तुशिल्पी १९३८ साली नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत पोहोचला. आपल्या शहरातल्यासारखे माणसांनी भेटावे, बोलावे, बसावे असा एक चौक अमेरिकन गावांना द्यावा, हे त्याच्या मनात होते. १९५६ मध्ये मिनेसोटात त्याने छपराखालचा पहिला मोठा मॉल उभारला. लोकांनी दुकाने तेवढी उचलली, चौक राहून गेला. म्हातारपणी तो या मॉलांवर फार चिडलेला असे. मला त्याची दया येते.

भाच्याच्या घरी दोन खोल्या. दोन्ही पलंगांखाली खोकी, कपाटावर खोकी. फेस्टिव्हलच्या सवलतीत घेतलेली, “घरी गेल्यावर वापरू” म्हणून न उघडलेली. डिनर सेट, गालिचा, एक टीव्ही. तो टीव्ही आता इतका जुना झाला आहे की मुले त्याला हसतात. जेवायला मात्र रोज प्लास्टिकच्या ताटल्या. शुक्रवारी संध्याकाळी मी भाचेसुनेला म्हटले, “आज तरी काढ गं तो सेट.” तिने नवऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, “मावशी, पुन्हा तसं पॅकिंग होत नाही.”

केर काढताना पलंगाखाली एक खोके हाताला लागले. त्यावर स्केचपेनने “आई” लिहिले होते. गुडघे शेकायचे यंत्र. २०१६ च्या सेलमध्ये घेतलेले.

“दर खेपेला वजन जास्त व्हायचं,” भाचा म्हणाला. “म्हटलं, पुढच्या वेळी नेऊ.”

बहीण २०१९ मध्ये गेली. आमच्यात मयत ठेवत नाहीत. विमान मिळून तो आला तेव्हा आम्ही कबरस्तानातून परतलो होतो. त्या दिवशी तो काही बोलला नव्हता, आणि खोके हातात घेऊनही बोलला नाही. रात्री माझी बॅग भरताना त्याने विचारले, “तू नेतेस का? तुझेही गुडघे दुखतात ना?”

वजन होईना, म्हणून मी तवा आणि ते अंड्यांचे यंत्र तिथेच ठेवले.

ठाण्याला आल्यावर पाहते तो यंत्राची पिन तिकडची, जाड चौकोनी दांड्यांची. आमच्या सॉकेटमध्ये बसेना. दुसऱ्या दिवशी रिक्षाने बाजारात जाऊन अॅडॅप्टर आणला. येताना सवलत होती म्हणून दोन बेडशीटही आणल्या.