हात आवरणं

नवी सिस्टर वॉर्डात आली की तिला लाइन लावताना हाताशी कसं राहायचं, पंप कसा लावायचा हे कुणीही शिकवतं. हात आवरायला मात्र वेळ लागतो, आणि आतड्याच्या बाळापाशी तेच खरं काम.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण अडीच मीटर असतं. पीळ पडून ते काळं पडलं की कापावं लागतं. कधी वीत-दोन वीतच उरतं. बाळ थिएटरमधून आलं की किती सेंटिमीटर शिल्लक आहे आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली झडप वाचली की गेली, हे मी आधी बघते.

मग बाळ शिरेतून जेवतं. ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार. शेजारच्या सिरिंजमध्ये दुधाळ चरबी, उजेड लागू नये म्हणून झाकलेली. निव्वळ शिरेतून पोसून वाढवलेल्या बाळाचा अहवाल विल्मोर आणि डड्रिक यांनी १९६८ साली अमेरिकेत छापला. फार जुनी गोष्ट नाही ही. याची किंमतही असते: महिनोन् महिने असं जेवण चाललं की यकृत कुरकुरतं, डोळे पिवळे होतात.

आणि हे जेवण नेणाऱ्या लाइनचं टोक हृदयापाशी. तिला हात लावण्याआधी हब, म्हणजे तिचं बाहेरचं जोडतोंड, स्पिरिटने पंधरा सेकंद घासायचा. पंधरा सेकंद ऐकायला काहीच नाहीत. दोन पंप एकदम बोंबलत असताना मोजून बघा. एका रात्री मी सहापर्यंतच मोजले. तिसऱ्या दिवशी बाळ तापलं, लाइन काढावी लागली. माझ्यामुळेच झालं असं कुणी म्हणालं नाही. तेव्हापासून मी आकडे पुटपुटत मोजते. पोरी हसतात, हसू देत.

सध्या खाट चारवर असंच एक बाळ आहे. दर तीन तासांनी आईचं दूध, एक मिली. नळीला सिरिंज जोडून वर धरायची, दट्ट्या लावायचा नाही. दूध आपल्या चालीने उतरतं. मग स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, पिशवीत किती आलं ते मोजायचं. पाण्यासारखं भसाभस आलं तर वाढवायचं नाही. उरलेलं आतडं हळूहळू रुंदावतं, शोषायला शिकतं, पण त्याला दूध लागतं आणि जास्त झालेलं सोसत नाही. आई एका वेळी चाळीस मिली काढून देते. बाकीचं लेबल लावून फ्रीझरमध्ये जातं.

आजी रोज दाराशी विचारतात, "बाई, बोटभर घुटी तरी चाटवू का? लेकरू उपाशी दिसतंय हो."

"आजी, उपाशी नाही ते. हातातून जेवतंय."

त्यांना पटत नाही. जन्मभर पोरांना भरवून वाढवलेल्या बाईला का पटावं?

आज सकाळी वजन २६४० ग्रॅम भरलं, कालच्यापेक्षा पंधरा जास्त. राउंडला सरांनी दूध दीड मिली केलं. आजींना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "म्हणजे किती चमचे?"

पाव चमच्याहून जरासं जास्त.