पेटीची किल्ली

संपादकांचा फोन आला, "डॉक्टर, यंदा 'मोबाईल आणि मुलं' यावर होऊन जाऊ द्या." मोबाईलवर लिहिलं की पालकांना बरं वाटतं, चोर सापडल्यासारखं. पण माझ्या डोक्यातून पावसाळ्यात आलेली नववीतली एक मुलगी जात नाही.

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध तीनदा झालं. रिपोर्ट नॉर्मल. मग "काही नाही, मानसिक आहे" म्हणून माझ्याकडे. हे 'काही नाही' ऐकून पंचवीस वर्षं झाली, अजून राग येतो. पोट खरंच दुखत असतं हो! या वयातलं नैराश्य रडतच येतं असं नाही. चिडचिड, पोटदुखी, घसरलेले मार्क, असं काहीही होऊन येतं. आणि लवकर येतं. 2022 मध्ये 192 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात जवळपास 35 टक्के रुग्णांचा मानसिक आजार चौदाव्या वर्षाआधीच सुरू झालेला दिसला.

म्हणजे शाळेतच. म्हणून जो तो म्हणतो, शिक्षकांना शिकवा. मीही बारा वर्षं शिकवतोय. एक दिवसाची कार्यशाळा, चहा-बिस्किटं, शाल-श्रीफळ.

आता माझा आवडता वाद. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 सरकारी शाळांत 'सेहर' हा प्रयोग झाला. त्यामागे गोव्याची 'संगथ' ही संस्था. मनातलं लिहून टाकायला पेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा, एकेकट्याशी बोलणं. कोणत्या शाळेत काय, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेलं. काही शाळांत हे काम बाहेरून नेमलेल्या, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी केलं, काहींत शिक्षकांनी. 2018 मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशकांच्या शाळांत नैराश्याची लक्षणं, दादागिरी, मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांच्या शाळांत फरक नाही. कार्यक्रम तोच! ब्रिटनमध्येही 85 शाळांत शिक्षकांनी मुलांना माइंडफुलनेस शिकवून पाहिलं. 2022 मध्ये कळलं, मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या वर्गांपेक्षा काही जास्त पदरात पडलं नाही. शिक्षकांना वेळ कुठे असतो, असं माझे सहकारी म्हणतात. खरंय, समुपदेशकाला तेवढं एकच काम होतं. पण जो मार्क देतो आणि बाबांना फोन करू शकतो, त्याच्याकडे पेटीची किल्ली असेल तर पेटीत चिठ्ठी टाकणार कोण? हा माझा तर्क आहे, संशोधन नव्हे.

ती मुलगी आधी बाईंशी बोलली होती. बाई माझ्याच कार्यशाळेला येऊन गेलेल्या. "पालकांना विश्वासात घ्या," हे माझं वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी वडिलांना फोन केला. पोटदुखी त्या आठवड्यातली.

तिसऱ्या भेटीत तिने विचारलं, "तुम्हीपण बाबांना सांगणार?" मी नियम सांगितला: जिवाला धोका वाटला तरच, आणि तेव्हाही आधी तुला सांगून. ती पंख्याकडे बघत राहिली.

दिवाळीनंतरच्या कार्यशाळेची तारीख विचारायला त्याच शाळेतून फोन आला होता. मी अजून कळवलेली नाही.