लिस्बन: सपाटी आणि चढ

बूट

लिस्बनला पायी फिरायचं तर आधी बुटांचे तळवे बघून घ्यावेत. इथले फुटपाथ मुठीत मावतील एवढ्या पांढऱ्या चुनखडीच्या तुकड्यांचे आहेत, मधे मधे काळ्या बेसाल्टची नक्षी. प्रत्येक दगड हाताने ठोकून बसवलेला. दिसायला देखणे, पण लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. पावसाची एक सर येऊन गेली की पाय ठरत नाही. रोसियोच्या चौकात हीच फरसबंदी काळ्या-पांढऱ्या लाटांची आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घातलेली. चौक अगदी सपाट, तरी चालताना जमीन खाली-वर होतेय असं वाटतं. नोकरीसाठी या शहरात येऊन थोडेच दिवस झालेत, आज पहिली मोकळी सुट्टी. सकाळी चौकात माझ्याशिवाय फक्त रस्ता धुणारे कामगार होते.

कॉफी

दुकानात शिरताना आधी ‘बों दीया’ म्हणायचं, मग काय हवं ते. न म्हणता मागितलं तरी मिळतं, पण समोरचा मान वर करत नाही. कॉफी घोटभर, कडक, काउंटरपाशी उभ्यानेच प्यायची. बाहेरच्या खुर्चीवर बसलात तर बऱ्याच ठिकाणी तीच कॉफी महाग पडते. काउंटरवरच्या काचेच्या कपाटात गोड पदार्थांशेजारी तिकोनी समोसे मांडलेले. इथे ते ‘शामुसा’ आहेत, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने आलेले. गिऱ्हाईकं त्यांच्याकडे पाव-बटरइतक्याच सवयीने बघतात.

सरळ रस्ते

रोसियोपासून नदीपर्यंतचा भाग म्हणजे बायशा. रस्ते पट्टी धरून ओढल्यासारखे समांतर, काटकोनात छेदणारे. घरं एका उंचीची, खिडक्या एका मापाच्या. रस्त्यांना धंद्यांची नावं: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा.

ही शिस्त हौसेतून आलेली नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट नदीच्या मुखातून शहरात शिरली. सणाच्या मेणबत्त्या आणि घरातल्या चुली उलटून लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. राजाचा मंत्री, जो पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्याने डागडुजीचा नाद सोडला आणि हा सगळा भाग साफ करून नव्याने आखायला लावला. नव्या भिंतींच्या पोटात लाकडाच्या तिरक्या फळ्यांचा सांगाडा घातला. जमीन हलली तर गिलावा-विटा पडतील, पण सांगाडा तग धरेल आणि माणसं वाचतील, असा हिशेब होता.

म्हणून या शहरात सपाट आणि सरळ रस्ता लागला की समजावं, इथे काहीतरी पडलं होतं.

राजवाड्याचं पटांगण

बायशा संपते तिथे तीन बाजूंनी पिवळ्या कमानी आणि चौथ्या बाजूला थेट नदी. नकाशावर हा ‘व्यापार चौक’ आहे. जुने लोक अजून ‘तेरैरो दो पासो’, म्हणजे राजवाड्याचं पटांगण, म्हणतात. राजवाडा १७५५ मध्येच गेला. त्याच्याबरोबर ‘काझा दा इंदिया’ गेलं, जिथे पूर्वेकडच्या व्यापाराचा हिशेब ठेवला जायचा, मिरी उतरायची, जहाजांची कागदपत्रं असायची.

मी वसईची. आमच्या किल्ल्याचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला. वसई गेल्याची खबर जहाजाने याच काठाला लागली असणार. त्यानंतर सोळा वर्षांनी ज्या राजवाड्यात ती ऐकली गेली तोच उरला नाही. नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर लोक पाय सोडून बसले होते. भरतीचं पाणी तिसऱ्या पायरीला होतं.

चढ

पूर्वेला अल्फामा. ही टेकडी कठीण खडकावर आहे, त्यामुळे भूकंपात बरीचशी वाचली. वाचली म्हणूनच वाकडी राहिली. गल्ली जिन्यात बदलते, जिना कुणाच्या तरी दारात संपतो, दारापासून दुसरी गल्ली निघते. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावेत इतकी अरुंद जागा. वर दोरीवर चादरी. फोनवरचा नकाशा इथे निरुपयोगी, कारण त्याला उंची कळत नाही. समोर वीस मीटरवर दाखवलेला रस्ता प्रत्यक्षात चार मजले खाली असतो.

एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. दर वळणावर थांबायच्या, खिडकीतल्या कुणाशी तरी दोन वाक्यं बोलायच्या, पुढे निघायच्या. दम खायची ही सोयीची रीत. पण खिडक्या कमी होत चालल्यात. बऱ्याच दारांशेजारी आकड्यांच्या कुलुपाच्या छोट्या पेट्या लटकतात. त्यात प्रवाशांसाठी किल्ली असते. अशा घरात आजींशी बोलायला कुणी नाही.

सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं एक चित्र आहे: भूकंपापूर्वीचं राजवाड्याचं पटांगण. आत्ता खालून आले त्या जागेवर उभा असलेला राजवाडा इथे भिंतीवर बघायला मिळतो.

मोरारिया

टेकडीच्या मागच्या उतारावर मोरारिया. ११४७ साली पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने मुसलमानांकडून शहर जिंकलं, तेव्हा हरलेल्यांना किल्ल्याच्या भिंतीबाहेर राहायला दिलेली ही जागा. तेव्हापासून ही बाहेरच्यांची वस्ती. आजही. बेंफोर्मोझो रस्त्यावर बांगलादेशी किराणा, न्हाव्यांची दुकानं, हलाल खाटीक, मोबाइल दुरुस्ती. भेंडी, कढीपत्ता, तूरडाळ, सगळं आहे.

गल्ल्यावरचा मुलगा सिल्हेटचा. “दीदी, इंडिया से?” वसई त्याला माहीत नव्हतं, मुंबई माहीत होती. कढीपत्त्याची एक जुडी त्याने वर टाकली आणि सांगितलं, संध्याकाळी सातनंतर या, भाजी ताजी येते. ‘बों दीया’ त्याने मात्र दारातून आलेल्या प्रत्येकाला म्हटलं.

शेजारीच इंतेंदेंत चौक. एके काळी लोक वाट वाकडी करून टाळायचे तो. आंतोनियो कोश्ता लिस्बनचे महापौर असताना त्यांनी २०११ मध्ये आपलं कार्यालयच इथे हलवलं. त्यांचे वडील ओर्लांदो द कोश्ता हे मडगावात वाढलेले कादंबरीकार. मुलगा पुढे २०१५ ते २०२४ पोर्तुगालचा पंतप्रधान होता. मडगावच्या घरातल्या माणसाने लिस्बन चालवलं याचं गोव्यात जेवढं कौतुक, तेवढं इथे नाही. इथल्यांना त्याच्या काळातल्या घरभाड्यांबद्दल बोलायचं असतं.

ताट

दुपारी साध्या खाणावळीत ‘आजचं ताट’ मागवावं. तळलेले छोटे मासे, भात, कोशिंबीर, पोट भरतं. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह आणि चीज न मागता समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात लावू नये, बिलात येत नाही.

जेवून आर्सेनाल रस्त्याने गेले. तिथे बाकाल्यावची दुकानं आहेत: मीठ लावून वाळवलेला कॉड, फळ्यांसारखा थप्पीने रचलेला. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही, उत्तरेकडच्या थंड पाण्यातून येतो. दिवस-दीड दिवस भिजवून, पाणी बदलत राहून मीठ काढावं लागतं. दुकानाबाहेरचा वास आमच्या सुक्या मासळीच्या बाजाराचाच, फक्त बोंबील-सुकट नाही.

छप्पर नसलेलं चर्च

बायशाच्या पश्चिमेच्या टेकडीवर कार्मोचा मठ. भूकंपात छप्पर कोसळलं. पुन्हा बांधायला घेतलं, पण १८३४ मध्ये मठ बंद करण्याचा हुकूम निघाला आणि काम अर्धं राहिलं. आता दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून आकाश. वसईच्या किल्ल्यात मी लहानपणापासून अशीच बिनछपराची चर्चं पाहत आलेय. फरक एवढाच की इथे तिकीट आहे आणि गवत कापलेलं आहे.

समोरच्या छोट्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला उठाव केलेल्या सैन्याच्या गाड्या येऊन थांबल्या. चौकालगतच्या बराकीत पंतप्रधान मार्सेलो कायतानो अडकला होता. संध्याकाळपर्यंत त्याने सत्ता सोडली आणि जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही संपली. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने तेरा वर्षं ते मान्य केलं नव्हतं. या चौकातल्या दिवसानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, करार करून मान्य केलं. गोव्याच्या इतिहासातलं एक पान या जॅकारांडाच्या झाडांखाली उलटलं, आणि चौकात त्याची खूण नाही.

नदीकाठ

काईश दो सोद्रे स्टेशनापासून बेलें भागापर्यंत सहा किलोमीटरच्या आसपास, सगळं सपाट. वाटेत २५ एप्रिल पूल. १९६६ मध्ये उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. रस्त्याचा काही भाग लोखंडी जाळीचा आहे, त्यावरून गाड्या गेल्या की खाली उभ्या माणसाला अखंड गुणगुण ऐकू येते. पुलाखाली दोघं गळ टाकून बसले होते. बादलीत काहीच नव्हतं.

बेलें

जेरोनिमुश मठ मिऱ्याच्या पैशांवर उभा राहिला. पूर्वेच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरचा कर त्याला लावून दिला होता. आत वास्को द गामाची कबर. तो १५२४ मध्ये कोचीत वारला आणि तिथेच पुरला गेला. हाडं नंतर पोर्तुगालला आणली, इथे ती १८८० मध्ये आली. समोर कवी कामोंइश. त्यानेही गोव्यात दिवस काढले होते.

नदीलगत दर्यावर्दींचं उंच दगडी स्मारक, १९६० चं. जहाजाच्या नाळेवर माणसं ओळीने चढतायत: राजपुत्र, कप्तान, पाद्री, नकाशे करणारे. सगळी निघालेली. कुठे पोचली आणि तिथे कोण उभं होतं, हे त्यात नाही. जवळच्या बागेत उंच खांबावर अल्बुकर्क, १५१० मध्ये गोवा घेणारा. त्याच्या खाली मुलं फुटबॉल खेळत होती.

गेंडा

बेलेंच्या बुरुजाला बाहेरून वळसा घालून एका मनोऱ्याच्या तळाशी बघा. दगडात कोरलेलं, झिजलेलं गेंड्याचं तोंड आहे. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला गेंडा दिला. गोव्याहून जहाजाने निघालेला तो प्राणी मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचं ठरवलं, तर हत्तीच पळाला. मग गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. चित्रकार ड्यूररने त्याचं प्रसिद्ध चित्र त्याला न पाहता काढलं. अख्ख्या बेलेंमध्ये आपल्या बाजूने आलेल्या कुणाची दगडातली आठवण मला दिसली ती एवढीच.

एकच दिवस असेल तर

जाणाऱ्यांची स्मारकं सपाटीवर आहेत, आलेल्यांची वस्ती चढावर. बहुतेक प्रवासी बेलें बघून, कस्टर्डचे टार्ट खाऊन परततात आणि अर्धंच शहर बघतात. तुम्ही सकाळ टेकड्यांना द्या, पाय ताजे असतात. मोरारिया वगळू नका. बेलें दुपारनंतर ठेवा आणि परत चालत येऊ नका. नदीकाठची लोकल काही मिनिटांत काईश दो सोद्रेला सोडते.