आचारी, आचार्य आणि एक अदृश्य चिन्ह

आमच्या एका दिवंगत गुरुजींनी सह्याद्रीतील भटकंतीच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. ते हस्तलिखित त्यांच्या कुटुंबीयांनी टंकलेखनासाठी आमच्याकडे सोपविले, तेव्हा ते काम आम्ही मोठ्या हौसेने लिनक्सवर करावयास घेतले. काही प्रकरणे आम्ही टंकिली, काही एका विद्यार्थ्याने. सर्व फाइली एकत्र करून मुद्रणप्रत काढली, तो पहिल्याच पानावर गुरुजी सह्याद्रीच्या ‘दर्या’ उतरताना दिसले. पुढे एका मुक्कामी भाजीत मीठ कमी पडले म्हणून त्यांनी ‘आचार्यास’ चार शब्द सुनावले होते!

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतील भेद मराठीच्या अध्यापकांस सांगावयास नको. डोक्यावर रफार चढला की दरीचा समुद्र होतो आणि स्वयंपाक्याचा गुरू. एरवी आम्ही हसून सोडून दिले असते. परंतु ज्यांचे हे लेखन, ते आता मुद्रिते तपासावयास नव्हते. त्यांच्या तोंडी न बोललेला शब्द जाणे आम्हांस सहन होईना.

दोष फॉन्टचा, हे आम्ही पाहताक्षणी ठरवून टाकले आणि फॉन्ट सांभाळणाऱ्या मंडळींकडे तक्रार धाडली. तक्रार कसली, तो एक लेखच होता! मराठीची उपेक्षा, हिंदीच्या चष्म्यातून देवनागरीकडे पाहण्याची खोड, असे बरेच काही त्यात होते. काय टंकिले होते, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या क्रमाने, हे मात्र नव्हते. उत्तर आले ते अवघ्या चार ओळींचे: आवृत्ती कळवा, काय केले ते क्रमाने लिहा, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले ते वेगवेगळे सांगा, जमल्यास ज्यात दोष दिसतो अशी एकाच शब्दाची फाइल पाठवा. खरे सांगावयाचे तर आम्हांस तो अपमान वाटला.

पुढे सायमन टॅथम यांचा दोष कसे कळवावेत याविषयीचा १९९९ सालचा निबंध वाचनात आला. ‘पुटी’ या आज्ञावलीचे हे कर्ते. लक्षणे आधी सांगा, निदान मागाहून. आणि निदान सांगितले तरी लक्षणे गाळू नका, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. आम्ही नेमके उलटे केले होते. निदान पानभर आणि लक्षण एका ओळीत.

मग निमूटपणे कामास लागलो. फाइल निम्मी करावयाची, दोष ज्या निम्म्यात उरेल ती पुन्हा निम्मी करावयाची. असे करीत एका शब्दापर्यंत आलो. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी आली. विद्यार्थ्याने टंकिलेली प्रकरणे निर्दोष होती. बिघडली होती ती केवळ आमची. तो इनस्क्रिप्ट कळफलक वापरीत असे आणि ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्यास हलन्त जोडीत असे. आमच्या कळफलकावरून मात्र साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे एक अदृश्य चिन्ह उमटत होते. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत; दुसरी जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. पडद्यावर दोहोंचे रूप एकच. फाइलीतील अंक दाखविणाऱ्या ‘हेक्सडंप’ या आज्ञेने प्रत्येक पायरी तपासली, तेव्हा उलगडा झाला. फाइली एकत्र करणारी आज्ञावली मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे केर समजून झाडून टाकीत होती. जोडक गेला की ‘र’ रफार होऊन डोक्यावर बसे. फॉन्ट बिचारा जे मिळाले ते बिनचूक दाखवीत होता.

दुसरी दोषनोंद आम्ही योग्य जागी केली. ती आठ ओळींची होती, सोबत एका शब्दाची फाइल. त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही. काही महिन्यांनी आलेल्या आवृत्तीत दोष गेलेला होता. गुरुजींचे पुस्तक आम्ही तत्पूर्वीच सर्वत्र ‘ऱ’ घालून सिद्ध केले होते.

या प्रकरणात आमच्या मनास लागून राहिली ती गोष्ट निराळीच. पाठचिकित्सा आम्ही वर्षानुवर्षे शिकविली. भांडारकर संस्थेच्या महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या पानांवर संहितेखाली पोथ्यांतील पाठभेद नोंदविलेले आहेत आणि जेथे संपादकांची खात्री नव्हती तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. पोथीत काय आहे आणि आपणांस काय वाटते, यांची गल्लत होऊ नये म्हणून केवढी ही दक्षता! ही पाने वर्गात कौतुकाने दाखविणारे आम्ही, स्वतःवर वेळ येताच पुरावा न पाहता आरोपपत्र लिहून मोकळे झालो. समीक्षेतही आम्ही असे किती वेळा केले असेल? कवितेत काय आहे हे सांगण्याआधी कवीचे काय चुकले हे सांगण्याची घाई आम्हांस नेहमीच असते.

लिनक्सच्या जगात दोष लपविण्याची चाल नाही. डेबियन प्रकल्पाने तर १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात दोषांची सारी नोंदवही लोकांस खुली ठेवण्याचे वचनच दिले आहे. आमची ती पहिली तक्रारही अशाच एका खुल्या वहीत आहे. खाली ‘दोष येथला नाही’ असा शेरा मारून ती बंद केलेली. ती पुसून टाकावी असे एके काळी फार वाटे. आता दरवर्षी समीक्षेच्या पहिल्या तासाला आम्ही ती विद्यार्थ्यांस मोठ्याने वाचून दाखवितो.