लाईन चालू आहे

आमच्या थेरगाव शाखेवर आणीबाणी दोन वाटांनी येते. पावसाळ्यात ती पवनेच्या पाण्यातून येते आणि उरलेले आठ महिने जेसीबीच्या दातांतून. डांगे चौकाच्या आसपास कुठे ना कुठे, कोणी ना कोणी सदैव खणत असतं. काय शोधत असतात देव जाणे, सापडते मात्र दर वेळी आमचीच केबल. ती तुटली की काउंटरवरचे आम्ही पाचही जण एका सुरात "सिस्टीम डाऊन आहे" म्हणतो. समोरचं गिऱ्हाईक विचारतं, "कधी येईल?" जणू ती मंडईत भाजी आणायला गेली आहे!

अशा प्रसंगांसाठी मुख्य कार्यालयाने आम्हांला एक योजना दिली आहे. नाव 'आपत्कालीन व्यवसाय सातत्य योजना', पानं 84. ती अथपासून इतिपर्यंत वाचलेला शाखेत मी एकटा. बी.कॉम.ला कॉस्टिंग वाचून पचवलेल्या माणसाला काहीही वाचता येतं. तिच्यात संपर्कासाठी तीन नंबर आहेत. पहिला ज्या साहेबांचा, ते निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतात. दुसरा आमच्याच शाखेचा. तिसऱ्यावर एक बाई अत्यंत गोड आवाजात सांगतात, की हा क्रमांक अस्तित्वात नाही. आणि ही सगळी योजना आहे संगणकात. म्हणजे दिवा कसा लावायचा हे अंधारात वाचायचं!

25 जुलै 2024, गुरुवार. रात्रभर नुसता धो धो पाऊस. पवना फुगलेली. शाळांना सुट्टी जाहीर झाली. बँकेला कसली होते? छत्रीचा सांगाडा आणि भिजलेली पँट घेऊन मी शाखेत पोचलो तर वीज नाही, केबल मेलेली, इन्व्हर्टर कण्हत होता. अकरा वाजता तोही गेला. थोड्या वेळाने मोबाईलचे दांडे एकेक करून उतरले आणि शेवटी उरली फुली. मोबाईलच्या टॉवरलाही वीज लागते, ती गेली की तो बॅटरीवर तग धरतो, आणि मग डिझेलवर. डिझेल नेणारा माणूस त्या दिवशी बहुधा आमच्यासारखाच कुठेतरी पाण्यात उभा असणार. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा फोन असूनही लोकांना घरी कळवता येईना. नेमका हा किस्सा मी रंगवून सांगत होतो, आणि काकू आत आल्या.

या काकूंचं खातं वीस वर्षांचं. दर महिन्याला येऊन पेन्शनचे पैसे दोनदा मोजणार, आणि मग मला तिसऱ्यांदा मोजायला लावणार. त्या दिवशी मात्र पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि हात थरथरत होते. काका पहाटे दवाखान्यात भरती झालेले, इंजेक्शनं बाहेरून आणायची. एटीएम बंद, मुलगा बंगळूरला, फोन लागत नाही.

"पंधरा हजार द्या हो. माझेच आहेत ना?"

त्यांचेच होते. पण किती शिल्लक आहेत, हे सांगणारा सर्व्हर आमच्यापासून शेकडो मैलांवर सुखरूप बसला होता. तिजोरीत रोकड होती, किल्ल्या होत्या, सगळं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते, मी साहेबांकडे. आपल्या जबाबदारीवर द्यावेत, असं दोघांच्याही मनात होतं. दुसऱ्याच्या जबाबदारीवर!

"चाकणला विचारा की," शिपाईमामा म्हणाले.

चाकणच्या शाखेत लाईन चालू असेल तर काकूंचं खातं तिथे दिसणार, हे बरोबर. पण विचारायचं कशाने? मामा उठले, रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांमागून रुमाल पांघरलेला एक लाल फोन दाखवला. कानाला लावला, तर आत तो जुना, मायाळू टूंऽऽ! तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या देतात, तारेतूनच. त्यामुळे आपल्या घरी अंधार असो, तो बोलतो.

इथे एक कबुली देतो. हा फोन बंद करून भाडं वाचवावं, असा दोन पानी प्रस्ताव काटकसर समितीकडे मीच धाडला होता. मामांनी मात्र तो गुपचूप जपला होता. कारण चाकणच्या शाखेतले शिपाई त्यांच्या बहिणीचे यजमान. रोज साडेपाचला दोघांचं बोलणं होई. नंबर मामांच्या बोटांना पाठ.

फोन दाजींनीच उचलला. तिथल्या अधिकारीण बाई सावध निघाल्या. "तुम्ही थेरगाव शाखाच कशावरून?" पूर्वी तारेने पैसे पाठवत तेव्हा खरेपणासाठी गुप्त आकडे असत, आमचे जुने हेडकॅशियर त्यांच्या गोष्टी भुताच्या गोष्टींसारख्या सांगत. पण तारसेवाच 2013 च्या जुलैत बंद झाली. आता काय सांगायचं?

दाजी म्हणाले, "बाई, मी विचारतो. मागच्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला मला काय दिलं, सांगा म्हणावं."

मामा लाल झाले. साहेब, मी, काकू, सगळे कान देऊन उभे.

"बोला की," पलीकडून आवाज.

"अंगठी कबूल केली होती," मामा खालच्या आवाजात म्हणाले, "दिली छत्री."

"बाई, थेरगावच आहे!"

शिल्लक कळली, चाकणहून पंधरा हजारांवर खूण पडली, साहेबांनी सही केली आणि मी नोटा तीनदा मोजल्या. काकूंनी एकदाही मोजल्या नाहीत. तशाच पिशवीत घालून पावसात निघाल्या. मामा पाठोपाठ गेले, त्यांच्या डोक्यावर छत्री धरून.

अकराव्या दिवशी काका स्वतः काठी टेकत पासबुक भरायला आले. त्याच आठवड्यात माझा प्रस्ताव मंजूर झाल्याचं पत्रही आलं, अभिनंदनासह. फोन का बंद करू नये, याचं तीन पानी टिपण सध्या मी लिहितो आहे.

चाकणहून दाजींचा निरोप आला आहे. पासवर्ड आता दोन्ही शाखांत सगळ्यांना कळला, तेव्हा नियमाप्रमाणे तो बदलायला हवा. बदलायचा तर छत्रीच्या जागी अंगठी आली पाहिजे. मामा विचारत होते, हा खर्च बँकेच्या कोणत्या खाती टाकता येईल?