सायकलवरून एक दिवस : सातारा ते किर्लोस्करवाडी

सातारा जिल्ह्यांतून सांगली जिल्ह्याकडे डोंगराची एक रांग उत्तर-दक्षिण उतरत गेलेली आहे. शाळेंतील नकाशावर ती बारीक तपकिरी रेघेहून अधिक दिसत नाहीं, आणि महाबळेश्वर, प्रतापगड, कास यांच्या कीर्तीपुढें तिचें नांवहि फारसें कोणास ठाऊक नसतें. वर्धनगडापाशीं निघून मच्छिंद्रगड-कुंडलपर्यंत पोंचणारी ही रांग. हिच्या पश्चिमेस कृष्णेचें खोरें, पूर्वेस येरळेचें. पश्चिमेच्या बाजूनें पुण्याहून मिरजेस जाणारी आगगाडी धांवते. कोरेगांव, रहिमतपूर, कऱ्हाड, शेणोली, ताकारी हीं स्टेशनें तिच्या खिडकींतून पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पूर्वेची बाजू मात्र आगगाडींतून दिसत नाहीं. ती पाहावी, आणि सायकलीवरून पाहावी, म्हणून गेल्या मार्गशीर्षांत माझा भाचा व मी असे दोघे साताऱ्याहून औंधावरून किर्लोस्करवाडीस गेलों. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. माझें वय अठ्ठावन्न, त्याचें सत्तावीस; तेव्हां सरासरी बरी पडली.

या प्रवासास आणखी एक कारण होतें, आणि तें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. भाचा इंजिनिअर आहे. पुण्यास एका मोठ्या कारखान्यांत पांच वर्षें नोकरी करून ती आतां सोडावी आणि साताऱ्यास लहानसें वर्कशॉप घालून सायकल-कोळपीं तयार करावीं, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. ज्यांना हें अवजार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : सायकलीच्या एका चाकास लोखंडी दांडे व मागें पास जोडलेली असते, एकटा माणूस तें ढकलीत पिकांतील तण काढतो, बैल लागत नाहींत. घरावर कर्ज, त्याचे हप्ते चालू, आणि मुलाला हें वेड! ताई रडकुंडीस आली होती. मेहुणे मला म्हणाले, "तो तुमचें ऐकतो. दिवसभर बरोबर आहांत, तर समजावून पाहा." मीं होकार दिला होता.

पहांटे साडेपांचास राजवाड्यावरून निघालों. माहुलीच्या पुलावर उजाडलें. कृष्णा-वेण्णेचा हा संगम, रामशास्त्री प्रभुण्यांचें हें गांव. थंडीच्या धुक्यांत देवळांचीं शिखरें तेवढीं पाण्यावर तरंगल्यासारखीं दिसत होतीं. पुढें जरंड्याच्या डोंगराची सोबत घेत कोरेगांवास पोंचलों, चहा घेतला, आणि रहिमतपुरास आलों तों ऊन पाठीवर चांगलें लागूं लागलें.

रहिमतपूर सुटल्यावर पूर्वेकडील रस्ता हळूहळू रांगेच्या अंगावर चढूं लागतो. मोटारींत बसणारास चढ केवळ यंत्राच्या आवाजावरून कळतो. सायकलस्वारास तो मांड्यांत कळतो. तसेंच हवेचें. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत खटाव-माणांत तो पांचशेंच्या आसपास येतो. समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि या रांगेपर्यंत उरलें-सुरलें पोंचतें. हें भूगोलांत आम्हीं सर्वांनीं पाठ केलेलें असतें; परंतु सायकलीवर असतां तें पाठांतर एकाएकीं खरें होतें. उसाचा हिरवा पट्टा मागें पडतो, माती फिकट होते, ज्वारीचीं ताटें आंखूड होतात, आणि घशाला कोरड पडते.

साडेदहाच्या सुमारास औंधची यमाईची टेकडी दृष्टीस पडली. टेकडीच्या मध्यावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं तें 1938 सालीं उभारलें. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्मा, धुरंधर यांचीं चित्रें तेथें आहेतच; पण हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराची 'माता व बालक' ही पाषाणमूर्तिहि या दुष्काळी मुलखांतील टेकडीवर आहे, हें पाहून नवख्या माणसास आश्चर्य वाटल्यावांचून राहत नाहीं. औंध संस्थान तें केवढें? 501 चौरस मैल, 72 गांवें, आणि तींहि तुटक तुटक विखुरलेलीं : औंध येथें, आटपाडी तिकडे, कुंडल खालीं कृष्णाकांठीं. एवढ्याशा संस्थानाच्या राजानें सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, कला जोपासली, आणि 1939 च्या जानेवारींत गांधीजींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना देऊन आपला अधिकार प्रजेच्या हातीं सोंपविला. 1948 सालीं संस्थान विलीन झालें. पायऱ्यांवर बसून ताईनें दिलेल्या दशम्या व लसणाची चटणी खातांना मीं हें सर्व भाच्यास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें व म्हणाला, "मामा, त्यांच्या दिवाणांना काय वाटलं असेल हो?" मीं पाण्याची बाटली पुढें केली.

पुसेसावळीच्या अलीकडे बाभळीच्या कांट्यानें त्याचें मागचें चाक बसलें. आमच्याजवळचें सोल्यूशन वाळून गेलेलें. सायकली हातीं धरून गांवांत आलों तों रस्त्याच्या कडेला एका निंबाखालीं सायकल-दुरुस्तीचें दुकान सांपडलें. दुकान म्हणजे पाण्याचें घमेलें, एक पंप, हत्यारांची पेटी, आणि मागें गंजलेल्या चाकांचा ढीग. सत्तरीचे मिस्त्री चाक खोलूं लागले तेव्हां भाचाहि शेजारीं उकिडवा बसला. ट्यूब घमेल्यांत बुडवून बुडबुडा कोठें निघतो तें पाहणें, ती जागा पुसून घासणें, ठिगळ दाबून धरणें, हें दोघांनीं मिळून केलें. मग मिस्त्रींनीं चाक फिरवून पाहिलें आणि म्हणाले, "डुलतंय." आऱ्यांची चावी त्यांनीं न बोलतां भाच्याच्या हातांत दिली. त्यानें एक आरा आंवळला, समोरचा ढिला केला, पुन्हां चाक फिरवलें. असें दहा-बारा वेळां. शेवटीं चाक सरळ धांवूं लागलें. मिस्त्रींनीं मान हलविली.

"हीं जुनीं चाकं कशाला ठेवलींत, बाबा?" भाच्यानें विचारलें.

"शेतकरी नेत्यात कोळप्याला. पर वेल्डिंग करून देणारा धड न्हाई. मुरमाड रानात पास वर उचलतीया, काळ्या रानात रुतून बसतीया. एकाच मापाची पास दोन्ही रानांला कशी चालंल?"

भाच्यानें खिशांतून वही काढली. पुढें अर्धा तास पास किती कलती असावी, दांडा कोठें वांकवावा, चाक लहान बरें कीं मोठें, यांवर असें बोलणें झालें कीं मी केवळ श्रोता उरलों. निघतांना मीं मिस्त्रींना विचारलें, "हें दुकान पुढें मुलगा चालवील ना?"

"छ्या! त्यो पुण्याला कंपनीत हाय. मीच धाडला. ह्या घमेल्यावर दुसरी पिढी निघत न्हाई, सायेब."

हेंहि भाच्यानें ऐकलें. ठिगळाचे पैसे मिस्त्रींनीं घेतले. चाक सरळ केल्याचे घेतले नाहींत, कारण तें, म्हणाले, तुमच्याच पोरानें केलें.

पुसेसावळी सोडून कडेगांवाच्या हद्दींत शिरलें कीं जिल्हा बदलतो. एके काळीं हा सर्व मुलूख साताराच होता. 1949 सालीं दक्षिण सातारा निराळा झाला, आणि 1960 पासून त्यास सांगली म्हणूं लागले. कडेगांवचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत प्रसिद्ध आहेत; हिंदु व मुसलमान दोघेहि ते उचलतात. परंतु आमचें लक्ष वेधलें तें पाण्यानें. कोरड्या माळानंतर अकस्मात् कालवा, ऊस, द्राक्षांचे मांडव! कऱ्हाडजवळ टेंभू येथें व खालीं ताकारीपाशीं कृष्णेचें पाणी पंपांनीं उचलून टप्प्याटप्प्यानें या बाजूस आणलें आहे. ढगांस जी रांग ओलांडतांना जड जातें, ती नदीला माणसानें ओलांडावयास लावली.

देवराष्ट्र हें यशवंतराव चव्हाणांचें आजोळ व जन्मगांव. 1913 सालीं ते येथें जन्मले. गांवाबाहेर सागरेश्वराच्या प्राचीन देवळांचा समूह आहे, आणि त्यावरील डोंगरांत अकरा चौरस किलोमीटरांहून थोडें कमी असें अभयारण्य. हें रान देवानें दिलेलें नव्हे. बोडक्या डोंगरांवर झाडें लावून माणसांनीं तें वाढविलें. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं त्यासाठीं आयुष्य वेंचलें, आणि 1985 सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच्या कडेनें जाणारा चढ दिवसाच्या शेवटीं येतो म्हणून विशेष भारी वाटतो. मी उतरून चालूं लागलों. भाचाहि उतरला.

"मामा, बाबांनीं तुम्हांला मला समजवायला सांगितलंय ना?"

"सांगितलं आहे."

"मग सकाळपासून एक शब्द बोलला नाहींत."

"चढावर दम पुरत नाहीं," मीं म्हटलें. "आणि तुला समजावण्यापूर्वीं मला समजलं पाहिजे. हिशेब सांग."

त्यानें सांगितला. मित्राच्या मदतीनें सुट्टीच्या दिवशीं केलेलीं अकरा कोळपीं विकलीं होतीं; चार परत आलीं, पास वांकली म्हणून. त्यांतील तीन दुरुस्त करून पुन्हां दिलीं. घराचे हप्ते चौदा महिने भरतां येतील एवढी शिल्लक होती. त्यापुढें काय, याला उत्तर नव्हतें, आणि तें नसल्याचें त्यानें लपविलें नाहीं.

खिंडीवरून कृष्णेचें खोरें पुन्हां दिसलें. डोंगर उतरून कुंडलास आलों. 1942 नंतरच्या प्रतिसरकारचें हें बलस्थान, येथील जी. डी. बापू लाड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 7 जून 1943 रोजीं शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी अडविली. तेथून किर्लोस्करवाडी जवळच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा या मासिकाच्या वाचकांस नवी नाहीं. परंतु सायकलीवरून तेथें पोंचलें कीं तिचा आरंभ विशेष आठवतो : 1888 सालीं बेळगांवास काढलेलें सायकलींचें दुकान. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी त्यांनीं सोडली. लोखंडी नांगर केला तर लोखंडानें जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले मोजके नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां याच औंधच्या पंतांनीं कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानें भरलेली 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचें बिनव्याजी कर्ज दिलें, आणि 1910 सालीं वाडी वसली. आजहि तेथें पंप तयार होतात.

मात्र अशा कथा सांगतांना एक गोष्ट विसरूं नये. जे कारखाने बुडाले त्यांच्या नांवाचीं स्टेशनें नसतात. लक्ष्मणरावांसारखें धाडस करून हातीं कांहीं न लागलेले किती असतील, त्यांची गणती कोण ठेवतो? पुसेसावळीचे मिस्त्री तेंच सांगत होते, आणि मेहुण्यांची भीति खोटी नव्हे. पण लक्ष्मणरावांपाशीं दोन वस्तु होत्या : न खपणारा माल सुधारीत राहण्याची चिकाटी, आणि ती चिकाटी फळेपर्यंत कोणीतरी दिलेला वेळ. पहिली कोणास देतां येत नाहीं. ती भाच्यापाशीं आहे, हें मीं निंबाखालीं पाहिलें होतें. दुसरी देतां येते.

स्टेशनच्या बांकावर बसून मीं त्याला सांगितलें, "नांगराला दोन वर्षें लागलीं. तूंहि दोन वर्षांची मुदत घाल. चौदा महिने तुझ्याजवळ आहेत. दहा महिन्यांचे हप्ते माझ्याकडून, बिनव्याजी. दोन वर्षांनीं कोळपीं घर चालवीत नसतील तर नोकरी शोधायची, आणि तेव्हां घरांत कोणीं टोमणा मारायचा नाहीं. हा करार आईबाबांसमोर व्हायचा."

रात्रीं ताईला फोन करून हेंच सांगितलें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुला समजवायला पाठवलं होतं, आणि तूं भागीदार होऊन आलास." मेहुण्यांनीं मात्र कराराचा कागद लेखी असावा एवढेंच सुचविलें. तो आतां झाला आहे.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत करावा. उन्हाळ्यांत येरळेची बाजू भाजून काढते. पाणी प्रत्येकीं तीन लिटर, ताजें सोल्यूशन व एक जास्त ट्यूब जवळ असावी. औंधास घाई करूं नये, आणि शेवटच्या चढासाठीं थोडी शक्ति राखून ठेवावी. चढावर उतरून चालण्यांत कमीपणा नाहीं; बरोबरच्या माणसाशीं बोलावयाचें असेल, तर तेवढीच सवड मिळते.