"पोरगं खातच नाही" म्हणण्याआधी...

आपल्या शिरवळमध्ये लहान मुलांच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर अर्धा तास बसा. एक वाक्य हमखास कानावर येणार, "आमचं पोरगं काही खातच नाही हो." आणि लगेच शेजारून कुणाचं तरी, "आईचंच लक्ष नसतं, दुसरं काय!"

या दुसऱ्या वाक्याबद्दल थोडं बोलायचंय.

आधी एक साधी गोष्ट. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळपास तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे वर्ष उलटल्यावर भूक जरा कमी होणारच. आणि मेथी असो नाहीतर दोडका, नवी चव आठ-दहा वेळा समोर आली की मग कुठे जिभेला पटते. एकदा थुंकलं म्हणून "याला आवडत नाही" असा शिक्का मारायचा नसतो.

पण आठ-दहा वेळा ते समोर ठेवायला घरात कुणीतरी पाहिजे ना?

आमच्या लहानपणी आजी होती. सगळे एकत्र जेवायला बसायचे आणि धाकटं पोरगं कुणाच्या तरी मांडीवर. वरणात कुस्करलेली भाकरी, वर तुपाची धार. खायला वेगळं शिकवावं लागत नव्हतं, मोठ्यांचं बघूनच पोरं शिकायची.

आता शिरवळपासून केसुर्डी-खंडाळ्यापर्यंत कंपन्या झाल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, यूपीहून जोडपी कामाला आली. भाड्याची एक खोली, त्याची सेकंड शिफ्ट, तिची फर्स्ट. आजी-आजोबा शेकडो किलोमीटर लांब. पोरगं शेजारणीकडे, तिची स्वतःची दोन. रडलं की पाच रुपयांचा पुडा. तो पुडा शिजवावा लागत नाही, भरवावा लागत नाही आणि पोरगं गप्प बसतं. म्हणून तो जिंकतो. पण इवलंसं पोट त्यानेच भरलं तर वरण-भाताला जागा कुठली? वर चहा-बिस्किट. चहामुळे जेवणातलं लोहही अंगाला नीट लागत नाही.

आणि हे फक्त गरिबाघरचं आहे असं समजू नका. फ्लॅटमध्येही तेच, फक्त पुडा महागाचा आणि समोर मोबाईल. कार्टून बघत तोंड उघडणाऱ्या पोराला पोट भरलंय की नाही हेच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) काय सांगतं बघा. देशात सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभरातल्या जेमतेम ११ मुलांना पुरेसा आहार मिळतो. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत. एवढ्या सगळ्या आया काय निष्काळजी आहेत?

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पाळणाघराची अट आली. ५० किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. आपल्या पट्ट्यात अशी किती पाळणाघरं चालू आहेत? कंत्राटावरच्या बायकांची पोरं त्यात धरतात का? ग्रामसभेत हे कुणी विचारलंय?

दुसरी जागा अंगणवाडी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम जेवण मिळतं. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाचा आहार घरी दिला जातो. म्हणजे सवय लागायचं जे खरं वय, तेव्हा प्रश्न परत त्याच रिकाम्या खोलीत येतो. त्यात भाडेकरू कुटुंबांना वाटतं, अंगणवाडी गाववाल्यांचीच. तसं नाही. त्यांच्याही मुलांची तिथे नोंद होते. तुमच्या चाळीत असं कुटुंब असेल तर एवढं तरी सांगा.

घरात करण्यासारखंही आहेच. दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी मिळून, मोबाईल बाजूला ठेवून. आणि बापांनो, भरवायचं काम फक्त तिचं नाही. तुमची सेकंड शिफ्ट असेल तर सकाळचा घास तुमच्या हातचा.

पोराच्या ताटात काय पडतं हे आईच्या मायेवर कमी आणि घरातल्या घड्याळावर जास्त ठरतं. ते घड्याळ कंपनीने लावलंय, गावाने मान्य केलंय. मग दोष एकट्या तिला का?

तुमच्या कंपनीत पाळणाघर आहे का? कमेंटमध्ये हो किंवा नाही, एवढंच लिहा. यादी घेऊन ग्रामपंचायतीत जाऊ.